खिळा

उंची इंचाला थोडी कमी. अंग शिशाचं, कडकपणा यावा म्हणून अँटिमनी आणि थोडं कथील. डोक्यावर एकच अक्षर, तेही उलटं. छापखान्यातला हा खिळा म्हणजे सोलापूरचा जुनाजाणता पत्रकारच.

त्याचं घर म्हणजे खणाखणांची लाकडी केस. कंपोझिटर डाव्या हातात खिळे जुळवायची स्टिक धरून उभा राहायचा आणि खणाकडे न बघता खिळा उचलायचा. खिळ्याच्या अंगावरची खाच बोटाला लागली की तो सुलटा बसतोय की नाही ते कळायचं. छपाई उरकली की जुळवलेल्या पानांचा फर्मा सुटायचा, खिळे धुऊन आपापल्या खणात जायचे. काल गिरणी कामगारांच्या संपात उभा असलेला 'म' आज ज्वारीच्या भावात, उद्या गड्ड्याच्या यात्रेत.

सोलापुरात त्याची परीक्षाही मोठी. अंक मराठी, पण माणसांची नावं कानडी, तेलुगू, उर्दू. 'मल्लप्पा धनशेट्टी' जुळवायचं तर ल्ल, प्प, ट्ट असे तीन जोड लागतात. 'कुर्बान हुसेन'ला रफार. स्वातंत्र्यलढ्यातल्या या दोघांना जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यासह १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. कुर्बान हुसेन स्वतः पत्रकार, 'गझनफर' चालवणारे. मे १९३० मध्ये शहरावर मार्शल लॉ आला, त्याच्या थोडं आधी एप्रिलअखेर ब्रिटिश सरकारने वटहुकूम काढून छापखान्यांकडे जामीन मागायचा अधिकार घेतला होता. जामीन गेला की पुढची पाळी छापखान्याची. संपादक तुरुंगात जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं. खिळ्यांवरही जप्ती यायची, हे कोण लक्षात ठेवतं?

'संचार' दैनिकाचे संस्थापक-संपादक रंगाअण्णा वैद्य यांचं नाव सोलापूर आदराने घेतं. त्यांच्या पिढीचा शब्द वाचकापर्यंत गेला तो या खिळ्याच्या डोक्यावरून. झिजला की तो वितळवला जायचा, नव्याने ओतला जायचा. ऑफसेट आणि संगणक आले, तेव्हा मात्र किलोच्या भावाने भंगारात गेला. याची मला फार हळहळ वाटते. संपादकांच्या तसबिरी आपण भिंतीवर लावल्या, त्यांचा शब्द पेलणाऱ्याला मोडीत काढलं. शहरातल्या एखाद्या छापखान्याच्या माळ्यावर अजून केस पडून असेल, तर ती जोडाक्षरांसकट खाली उतरवा. ज्यांच्या बोटांना ते खण पाठ आहेत, ते कंपोझिटर आहेत तोवर त्यांना बोलवा आणि कुठल्या खणात कुठलं अक्षर, ते त्यांच्याकडून लिहून घ्या.