पाय फाकवून उभी राहिलेली गाडी

बालमित्रांनो, गर्दीच्या एस.टी.तून उभ्यानं प्रवास केलाय ना? वळण आलं की आपण आपसूक काय करतो? पाय फाकवतो! पाय जुळवून उभं राहिलं, तर शेजारच्याच्या अंगावर कोसळायची पाळी येते. मोटारीचंही अगदी असंच असतं, बरं का! तिच्या डाव्या आणि उजव्या चाकांमधल्या अंतराला 'ट्रॅक' म्हणतात.

आमच्या चौथीच्या वर्गात आम्ही पुठ्ठ्याच्या दोन गाड्या केल्या. बाटल्यांची झाकणं हीच चाकं. एकीचा ट्रॅक ४ सेंटिमीटर, दुसरीचा ८. दोन्हींवर तीन-तीन भरलेल्या काड्यापेट्या चिकटवल्या. गाड्या फळीवर आडव्या ठेवल्या, घसरू नयेत म्हणून खालच्या बाजूला पट्टी लावली आणि फळी एका कडेनं हळूहळू उचलली. अरुंद गाडी आधी कलंडली! मग रुंद गाडीवर आणखी काड्यापेट्या चढवल्या, तर तीही पहिल्यापेक्षा लवकर पडली.

म्हणजे रुंदीइतकीच उंचीही महत्त्वाची. हिशेब सोपा आहे. ट्रॅकच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीनं भागायचं. उत्तर जितकं मोठं, तितकी गाडी उलटणं अवघड. शिवाय वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकांकडे सरकतो. ट्रॅक रुंद असला की तो कमी सरकतो आणि आतल्या चाकांचीही पकड टिकते.

अमेरिकेतल्या पाँटियाक कंपनीनं १९५९ च्या मोटारींचा ट्रॅक सुमारे पाच इंचांनी वाढवला. नव्या रुंद बॉडीखाली जुनी चाकं फारच आत दिसत होती. चाकं बाहेर सरकवल्यावर गाडी दिसायला ऐटदार झालीच, पण वळणावर जास्त स्थिरही राहू लागली. मग 'वाइड ट्रॅक' हीच तिची जाहिरात झाली!

हे ऐकून माझा भाचा म्हणाला, "मावशी, मग मीपण आपल्या गाडीला स्पेसर लावतो!" स्पेसर म्हणजे चाक बाहेर सरकवणारी धातूची जाड चकती. मी म्हटलं, "अरे, कंपनीनं गाडी घडवतानाच सगळा विचार केलेला असतो. तू नुसतं चाक बाहेर ढकललंस, तर बेअरिंगवर जादा ताण येईल, स्टिअरिंगला हिसके बसतील, टायर मडगार्डला घासेल. आणि कंपनीनं ठरवलेल्या रचनेत मनासारखा बदल करायला मोटार वाहन कायद्याचीही आडकाठी आहे."

तो हिरमुसला. मी कागद पुढे ओढला. समजा, १००० किलोची गाडी आहे. ट्रॅक १४० सेंटिमीटर, गुरुत्वमध्याची उंची ५६. ७० भागिले ५६, म्हणजे १.२५. दोन्हीकडे अडीच-अडीच सेंटिमीटरचे स्पेसर लावले, तर साधारण १.२९. आता टपावरच्या कॅरिअरवर, जमिनीपासून १६० सेंटिमीटरवर, ५० किलोचं सामान बांधा. गुरुत्वमध्य ६१ वर चढतो आणि उत्तर १.१५ वर उतरतं! स्पेसरनं कमावलं त्याच्या दुपटीहून जास्त सामानानं घालवलं.

दर सुट्टीत आजीला घेऊन घाट उतरणारी गाडी ती! भाच्यानं गुपचूप कॅरिअरवरची पोती काढून डिकीत ठेवली.

मुलांनो, गावाला निघताना टपावर एकदा नजर टाका. जड सामान खाली ठेवायला बाबांना सांगा, टायरमधली हवा तपासायची आठवण करा आणि वळणावर 'हळू' म्हणा. स्पेसरवाचून गाडी सावरायचे हे उपाय आहेत आणि त्यांना पैसाही पडत नाही.