उकडतं म्हणून?

मे महिन्यात दिल्लीचा पारा ४५ अंशांवर जातो. नोएडाहून गुरुग्रामला मोटारसायकलने जाणारा नवरा साधी पातळ पँट घाली. "उकडतं गं!" हे ठरलेले उत्तर. एकदा वळणावर गाडी घसरली आणि गुडघा सोलवटला. मग बायकोच त्याला करोल बागेत घेऊन गेली. जाड अस्तराची जीन्स तिने बाजूला सारली. घर्षणाला सहजी दाद न देणारा अॅरामिड धागा डेनिममध्येच विणलेली एकपदरी जीन्स निवडली. गुडघ्यांना व कमरेला काढता येणारे पॅड होते. घेण्यापूर्वी त्याला गाडीवर बसवून पाहिले, कारण उभ्याने नीट वाटणारे पॅड बसल्यावर सरकतात. उकाड्याची कुरकूर अजून आहेच. पण ती तो जीन्स घालूनच करतो!