नुसता अब्दुल नव्हे

आम्ही दोघे भाऊ साताऱ्याच्या सदर बझारात वाढलो. अब्बांचं शिलाईचं दुकान, शाळा मराठी, घरात दखनी. थोरल्याला २००२ साली कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला, धाकट्याला पुढच्या वर्षी. पुस्तक मात्र एकच, त्यामुळं जे शिकलो ते एकत्रच शिकलो, आणि जे चुकलो तेही.

त्या वेळी कॉलेजात टर्बो सी प्लस प्लस चाले. निळ्या पडद्यावर लिहायचं आणि काळ्या पडद्यावर उत्तर बघायचं. चित्र नाही, माउस नाही. मशीन प्रश्न छापणार, आपण टाइप करून एंटर दाबणार, ते उत्तर छापणार. ही भाषा बेल लॅब्जमधल्या ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ पासून घडवत आणली आणि १९८५ मध्ये ती बाजारात आली, एवढं परीक्षेपुरतं पाठ होतं. मशीनला ऐकायला लावायचं तर सी-इन, बोलायला लावायचं तर सी-आउट. ऐकण्या-बोलण्यात एवढं अवघड काय असणार, असं आम्हाला वाटे.

आमचे मामू सांगलीला हळदीच्या आडत दुकानात दिवाणजी होते. सांगलीची हळद म्हणजे काय, हे सांगलीकरांना सांगायला नको. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचं नाव त्याआधी कितीतरी पिढ्या गाजत होतं. जवळच हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवत. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच निकामी झाली. शेतकऱ्याचा माल विकला की मामू त्याची पट्टी लिहीत : नाव, गाव, पोती, वजन, दर, रक्कम, त्यातून हमाली, तोलाई, मग निव्वळ. पट्टीवरच्या नावानंच चेक निघे. मामूंचे आकडे एकाखाली एक असे बसत की रेघ मारायची गरज नसे.

२००४ च्या उन्हाळ्यात मामूंचा निरोप आला, “सेठनं कॉम्प्युटर लिया. तुमे दोनों आके पट्टी का कुच बना देव.” आम्ही कराडवरून एसटीनं सांगलीला गेलो. भाच्यांना कॉम्प्युटर येतो याचा मामूंना केवढा अभिमान! दुकानातल्या हमालांनासुद्धा आमची ओळख करून दिली.

चार दिवसांत प्रोग्रॅम उभा केला. पट्टी नावाचा क्लास, त्यात शेतकऱ्याची माहिती आणि हिशोब. तपासताना आम्ही ‘रफिक’, ‘सांगली’, ‘१२’ असं टाकलं, पट्टी झकास निघाली. पाचव्या दिवशी मामूंनी पहिलं खरं नाव टाकलं, अब्दुल रहमान. मशीननं नाव घेतलं ‘अब्दुल’, गाव विचारलं आणि थांबायच्या आत स्वतःच ‘रहमान’ हे गाव धरलं. मामूंनी टाइप केलेलं गाव गेलं पोत्यांच्या खान्यात. आकड्याच्या जागी अक्षरं आल्यावर सी-इन रुसून बसलं, पुढचं काही ऐकेना, आणि तेच ते प्रश्न पडद्यावरून धबधब्यासारखे पळू लागले. हमाल हसले.

कारण साधं होतं. सी-इन मोकळी जागा दिसली की थांबतं. त्याच्या लेखी शब्द संपला म्हणजे माणूस संपला. पूर्ण ओळ वाचायची तर गेट-लाइन वापरावं लागतं. आम्हाला ते वाचल्यासारखं आठवत होतं, पण पुस्तक साताऱ्याला राहिलेलं. दुकानात गर्दी. आम्ही मामूंना म्हणालो, “सध्या नाव एकाच शब्दात टाका.” ही आमची चूक. मशीनला माणसाचं ऐकायला शिकवायचं, तर आम्ही माणसालाच मशीनपुढं वाकवलं. मामूंना ते पटलं नसणार, पण शिकलेली पोरं म्हणतात म्हणून त्यांनी टाकलं.

आठवड्यानं ते चाचा परत आले. पांढरी टोपी, हातात पिशवी, पिशवीत बँकेनं परत केलेला चेक. पासबुकावर नाव पूर्ण, चेकवर फक्त अब्दुल. एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं आमच्यापायी गेलं होतं. ते चिडले नाहीत. आमच्याकडं बघून म्हणाले, “पोरांनो, नुसतं अब्दुल म्हंजी चाकर. कुणाचा चाकर, त्ये बी लिवा की.”

आम्ही खाली बघितलं. अब्द म्हणजे बंदा, हे मदरशात शिकलो होतो. रहमानचा बंदा तो अब्दुर्रहमान. शिवाजी पाटलांचं नुसतं ‘शिवाजी’ केलं तरी ते नाव राहतं. अब्दुल हे नावच नव्हे, ‘च्या’वर येऊन तुटलेलं वाक्य आहे. मुसलमानाच्या घरात जन्मून आम्ही ते तोडलं, आणि मामूंनी आपला हिरवा पेन काढून नवा चेक लिहिला.

त्या रात्री मामूंच्या घरी जमिनीवर कागद पसरून सगळं पुन्हा लिहिलं. दुकानातल्या मशीनवर मदतीचा विभाग धुंडाळून गेट-लाइन सापडलं. पहिल्या शेतकऱ्याचं नाव अखंड आलं, दुसऱ्याचं मात्र साफ कोरं! त्यालाही कारण होतं. आधीच्या शेतकऱ्याची पोती सी-इननं घेतली, पण त्यामागचा एंटर तिथंच सोडला. बोर खाऊन बी ताटात ठेवावी आणि पुढच्याच्या वाट्याला ती यावी, तसं गेट-लाइनला तो उरलेला एंटर मिळाला आणि त्याला वाटलं, ओळ संपली. इग्नोर नावाच्या आज्ञेनं ती बी आधी टाकून द्यावी लागते.

छापण्यातही मामूंनी आम्हाला पाणी पाजलं. दिवसाची बेरीज बारा लाख सत्तर हजार. पडद्यावर आलं १.२७ई+०६. “ये बीच में ‘ई’ कौन है रे?” मामूंनी विचारलं. सी-आउटला काही सांगितलं नाही तर ते सहाच अंकांची अचूकता धरतं आणि मोठी रक्कम शास्त्रज्ञांच्या थाटात लिहितं. फिक्स्ड आणि सेट-प्रिसिजन दोन लावल्यावर १२७००००.०० आलं. त्यावर मामूंना लाखाचा स्वल्पविराम हवा. तो तयार मिळत नव्हता. शेवटचे तीन अंक, मग दोन-दोन, असं फंक्शन आम्ही हातानं लिहिलं.

शेवटी क्लासलाच शिकवलं की पट्टीनं स्वतःला कसं छापावं. सी-आउटचे दोन बाण आमच्या पट्टीसाठी नव्यानं बांधले. मग मुख्य प्रोग्रॅमला खाने, रुंदी, काही बघावं लागेना, ‘पट्टी छाप’ एवढंच. ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणजे काय, हे आम्हाला त्या दिवशी समजलं. परीक्षेत तर आम्ही व्याख्या लिहून गुण घेतले होते.

एक अडचण उरली. नावाला वीस घरं दिली होती. सेट-डब्ल्यू कमी पडणाऱ्या जागी रिकाम्या घरांची भर घालतं, पण नाव मोठं असेल तर कापत नाही, पुढचा खाना ढकलतं. एका लांब नावानं वजनाचा खाना वाकडा झाला. आम्ही म्हणालो, विसाव्या अक्षरावर कापू या, दिसायला बरं. ज्यांचे आकडे कधी रेघेबाहेर गेले नाहीत ते मामू म्हणाले, “सरकता तो सरकू देव. काटो मत.”

मामू आता नाहीत. आम्ही दर रविवारी मोहल्ल्यातल्या मुलांना जावा शिकवतो. २००४ च्या पाचव्या आवृत्तीत स्कॅनर आणि प्रिंट-एफ आले, काम सोपं झालं, पण नेक्स्ट-इंट तीच बी मागं ठेवतं आणि नेक्स्ट-लाइन तीच उचलतं. मुलं आता नावं देवनागरीत टाकतात, तिथं नवीनच कोडं. ‘रहीम’ डोळ्यांना तीन घरांचं, प्रिंट-एफ मोजतं चार, कारण वेलांटी त्याला वेगळं अक्षर वाटते. खाने पुन्हा वाकडे. सी प्लस प्लसचं सेट-डब्ल्यू तर बाइट मोजतं, त्याच्या लेखी रहीम बारा घरांचा!

मुलं प्रोग्रॅम दाखवायला आणतात तेव्हा आपापली नावं टाकून दाखवतात, सना, अयान, झोया. सगळं नीट चालतं. मग आम्ही म्हणतो, “आता अब्दुल रहमान टाक,” आणि मागं उभं राहून पडद्याकडं बघतो.