ओढाल तितका आवळेन

उंची वीतभरही नाही. जाडी तर्जनी जेमतेम आत जाईल एवढी. पोट आरपार पोकळ आणि तोंडे दोन, दोन्ही टोकांना एकेक. बांबूच्या पातळ पट्ट्या तिरक्या विणून केलेली नळी. त्यातल्या दोन-चार पट्ट्या लाल-हिरव्या रंगवलेल्या, तेवढाच काय तो नट्टापट्टा. चायनीज फिंगर ट्रॅप या नावाने त्याला ओळखतात. जात खेळण्याची. भावंडे बहुतेक वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टच्या पिशवीतून घरोघर जातात आणि दुसऱ्या दिवशी सोफ्याखाली सापडतात. एखादा मात्र नशीब काढतो आणि समुपदेशकाच्या टेबलावर, टिश्यूच्या डब्याशेजारी, कायमचा नोकरीला लागतो.

दिसायला अगदी गरीब. दोन्ही तर्जन्या दोन्ही तोंडांत घाला, तो हूं की चूं करत नाही. आता त्या बाहेर ओढा. तिरक्या पट्ट्या सरळ होऊ लागतात, नळी लांबते आणि जितकी लांबते तितकी बारीक होते. बोटाचे पेर करकचून धरले जाते. आणखी जोर लावा, पकड आणखी घट्ट. रागावून उपयोग नाही. त्याच्याकडे गाठ नाही, कुलूप नाही, स्प्रिंगही नाही. स्वतःचा जोर तो गुंजभरही लावत नाही. तुम्ही द्याल तेवढाच तुम्हाला परत करतो, चोख हिशेबाने.

घराणे मात्र कष्टकऱ्यांचे. मनगटाचे हाड बसवताना अस्थिरोगतज्ज्ञ पेशंटची बोटे याच विणीच्या जाळीत अडकवून हात टांगतात. ताण पडला की जाळी आवळते. विजेची जाड केबल पाइपातून ओढायची तर तिच्या टोकावरही तारेची अशीच जाळी चढवतात. तिथे घट्ट धरणे हेच काम. आपला हा धाकटा नातेवाईक तेवढा आवळून दाखवतो, ते ओढणाऱ्याला त्याची ओढ दिसावी म्हणून.

हे काम त्याला मिळाले अमेरिकेत. मानसशास्त्राचे प्राध्यापक स्टीव्हन हेज यांना 1978 मध्ये विभागाच्या बैठकीत, सहकाऱ्यांचे कडाक्याचे भांडण चालू असताना, पहिला पॅनिक अटॅक आला. बोलायला तोंड उघडले आणि शब्दच फुटेना. पुन्हा तसे होऊ नये म्हणून ते दाराजवळची जागा धरू लागले, प्रसंग टाळू लागले. तसतसे अटॅक वाढतच गेले. तो अनुभव आणि पुढची अनेक वर्षांची संशोधने यांतून ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट (स्वीकार आणि बांधिलकी) थेरपी, म्हणजे ‘ॲक्ट’, उभी राहिली. हेज, कर्क स्ट्रोसाल आणि केली विल्सन यांनी 1999 मध्ये तिच्यावर मोठे पुस्तक लिहिले. त्यात दाखल्यांच्या गर्दीत ही नळीही हजर आहे.

टेबलावरच्या ट्रॅपची ड्यूटी साधारण अशी चालते. समोर बसलेल्या शिक्षिकेने छातीत धडधड होते म्हणून लोकल सोडलेली असते. आधी गर्दीची गाडी सोडली, मग सगळ्याच गाड्या. ईसीजी दोनदा झालेला, नॉर्मल आलेला. पर्समध्ये पाण्याची बाटली, गोळी आणि घरच्यांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी. लग्नकार्ये बंद. डोंबिवलीच्या बहिणीकडे जाणे बंद.

“मॅडम, या सगळ्याने धडधड गेली का?”

“तेवढ्यापुरती जाते. मग आणखी जोरात येते.”

समुपदेशक नळी पुढे करते. बाई हसून बोटे घालतात, ओढतात, पुन्हा ओढतात. कपाळाला आठी पडते. “तुम्ही सांगा ना कसं सोडवायचं.” समुपदेशक गप्प. थोड्या वेळाने ओढून ओढून हात दमतात, बोटे आपसूक आत सरकतात आणि नळी फुगून सैल पडते. बाई एक बोट काढायला जातात, तोच समुपदेशक म्हणते, “राहू दे. घालूनच ठेवा. आता तो पाण्याचा ग्लास उचलता येतो का बघा.”

बाई उरलेल्या बोटांनी ग्लास धरतात. अवघडल्यासारखे होते, दोन थेंब साडीवर सांडतात, पण घोट घेता येतो.

“धडधड अशीच बोटाला राहिली आणि तरी एक गोष्ट करायची ठरवली, तर कुठली कराल?”

“ताईकडे जाईन,” बाई पटकन म्हणतात. पुढच्या आठवड्याचा गृहपाठ तिथेच ठरतो: लोकलने एक स्टेशन, धडधडीसकट.

इथे आपल्या नायकाचा एक दोष सांगायला हवा. खेळात बोटे शेवटी सुटतात. दुःखाच्या बाबतीत तशी हमी त्याला देता येत नाही. काही जण घरी जाऊन स्वीकाराचाच डाव टाकतात: “घे, स्वीकारली तुला, आता तरी जा!” हे गुपचूप ओढणेच झाले. म्हणून चांगला समुपदेशक नळी सैल होताच थांबतो. जागा मिळाली, बोट हलू लागले, काम झाले.

दुसरा घोटाळा आपल्याकडे हमखास होतो. ‘स्वीकार’ म्हटले की आपल्याला ‘सोस बाई’ ऐकू येते. मारकुट्या नवऱ्याचा मार स्वीकारा, असे ॲक्ट सांगत नाही. स्वीकारायची ती पोटातली भीती. तिला सोबत घेऊन उंबरठा ओलांडणे ही बांधिलकी. ॲक्टची अंगे सहा आहेत. विचाराकडे नुसता विचार म्हणून पाहणे, आत्ताच्या क्षणात असणे, आपल्याला मोलाचे काय ते ओळखणे, हे सारे या नळीच्या आवाक्यातले नाही. तिला येतात दोनच धडे: ओढणे सोडा, आणि अडकल्या हाताने काम करा.

तेवढ्यानेही पुष्कळ होते. दीर्घकाळच्या दुखण्यात ॲक्टच्या उपयोगाचा पुरावा चांगला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तिच्या आधारे ‘सेल्फ हेल्प प्लस’ हा कार्यक्रम तयार केला. युगांडातल्या ऱ्हायनो कॅम्पमध्ये दक्षिण सुदानच्या सुमारे 700 निर्वासित स्त्रियांसोबत तो तपासला गेला: पाच बैठका, रेकॉर्ड केलेला आवाज, चित्रांची पुस्तिका आणि थोडक्या प्रशिक्षणाच्या स्थानिक स्त्रिया. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर, त्यांच्यापैकी ज्यांना हा कार्यक्रम मिळाला त्यांचा मानसिक त्रास तो न मिळालेल्यांपेक्षा कमी झालेला होता. युद्ध, छावणी, हरवलेली माणसे, काहीच बदलले नव्हते. ॲक्ट चमत्कार करते असे मात्र नाही. जुन्याजाणत्या सीबीटीच्या, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीच्या, शेजारी ठेवली तर दोघी साधारण बरोबरीच्या ठरतात, आणि आजार गंभीर असेल तर मनोविकारतज्ज्ञाला पर्याय नाही.

ट्रॅप घ्यायचाच झाला तर बांबूचा घ्या. कागदी स्वस्त पडतो, पण दोन हिसक्यांत फाटतो, आणि फाटताना नेमका उलटा धडा देऊन जातो: जोर लावला की सुटका होते.