हिरव्या उजेडात रक्त काळं दिसतं

प्रिय बाबू,

वडशाच्या नाटक कंपनीबरोबर लाइट घेऊन गावोगाव फिरता फिरता मोबाइलवर 'सस्पिरिया' बघितलास आणि विचारलंस, मामा, हा लाल रंग कॉम्प्युटरवर केला का? नाही रे. सिनेमा १९७७ चा. तेव्हा रंग कॅमेऱ्यासमोरच उभा करावा लागे.

दिग्दर्शक दारिओ अर्जेंतोला डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'सारखे रंग हवे होते. भुताटकीला लहान मुलांच्या गोष्टीचे रंग! कॅमेरामन लुचानो तोव्होलीने नुसत्या जिलेटिन पेपरवर भागवलं नाही. मोठ्या चौकटींवर रंगीत मखमल नि टिश्यू पेपर ताणले, मागून जबर उजेड सोडला आणि त्या चौकटी नटीच्या तोंडाजवळ आणल्या. जवळचा रंगीत उजेड कातडीवर दाट बसतो. लांबून सोडला की फिका पडतो आणि पांढऱ्या उजेडात विरतो.

पुढचं काम रोमच्या टेक्निकलर लॅबचं. निगेटिव्हवरून तीन साचे काढायचे, एकेक निळसर, किरमिजी नि पिवळ्या रंगात भिजवायचा आणि कोऱ्या फिल्मवर एकावर एक दाबायचा. छापखान्यातल्या कामासारखंच. असे रंग लवकर उडत नाहीत; त्या काळच्या साध्या रंगीत प्रिंट मात्र गुलाबी पडत गेल्या.

मला स्वतःला दिग्दर्शक मारिओ बाव्हा जास्त आवडतो. १९६४ च्या 'ब्लड अँड ब्लॅक लेस'ला पैसा इतका तुटपुंजा, की कॅमेरा मुलांच्या खेळण्यातल्या गाडीवर ठेवून ढकलला. पण एकाच खोलीत लाल, हिरवा, जांभळा उजेड शेजारी शेजारी, आणि तो कुठल्या दिव्यातून आला हे सांगायची तसदीच तो घेत नाही.

आपल्याकडे प्रभात फिल्म कंपनीने १९३३ मध्ये 'सैरंध्री' रंगीत करायचा घाट घातला. प्रिंट जर्मनीत काढल्या, रंग मनासारखे उतरले नाहीत. त्याचे दिग्दर्शक शांतारामबापू; त्यांना तो हिशेब रंगीत 'झनक झनक पायल बाजे'त, १९५५ साली चुकता करता आला.

तुझ्या एलईडी पार दिव्यांना रिमोटवर हवा तो रंग मिळतो, म्हणूनच तू सगळे एकदम लावतोस. खुनाच्या प्रवेशात समोरचा पांढरा फोकस बंद कर. एका बाजूने लाल, दुसरीकडून निळा, तेही विंगेतून, नटाच्या जवळ. पांढरा सदरा असेल तर छानच, तो रंग पटकन घेतो. हिरवा मात्र तिथे लावू नकोस, लाल रक्त काळं दिसेल.

मंडईच्या जत्रेला तुमचं नाटक एटापल्लीला येणार ना? मॅनेजरला सांगून मला विंगेत बसायला जागा कर.

तुझा मामा