साडेतीन मीटर कापड

स्त्रियांच्या पेहरावाविषयी धर्मगुरूने लेखणी उचलावी की नाही, असा प्रश्न वाचकांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. आजवर आमच्यापैकी ज्यांनी या विषयावर लिहिले, त्यांनी बहुधा उपदेशच केला. मला उपदेश करावयाचा नाही. रोज अंगावर घालण्याच्या एका साध्या झंपर-स्कर्टची हकिकत तेवढी सांगावयाची आहे. आणि जो मनुष्य स्वतः पायघोळ झगा घालून वेदीपुढे उभा राहतो, त्याला अशी हकिकत सांगण्याचा थोडासा अधिकार असावा, असे मला वाटते.

भातकुली हा आमच्या अमरावती जिल्ह्यातील तालुका पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. येथील भूगर्भातले पाणी खारे. त्यात साबण घासून घासून झिजतो, पण फेस म्हणून येत नाही. धुणे धुणाऱ्या बाईचे हात भरून येतात आणि आपटून आपटून कापड विरते. पाचवारी साडी, तिच्या आतला परकर आणि वर पोलके यांचा हिशेब केला, तर एका स्त्रीच्या अंगावर रोज आठ मीटरच्या आसपास कापड असते. ते रोज भिजवायचे, पिळायचे आणि वाळत घालायचे. पेहरावाच्या शालीनतेवर बोलणाऱ्यांनी हे गणित कधी मांडलेले माझ्या ऐकिवात नाही.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबातील सून पिठाची गिरणी चालवते. एके दिवशी दळण टाकताना तिचा पदर गिरणीच्या फिरत्या पट्ट्यात ओढला गेला. साडी जुनी, धुऊन धुऊन विरलेली होती. पदर टरकन फाटला, म्हणून मान वाचली. नवी साडी असती तर काय झाले असते, हे मी लिहू इच्छीत नाही. पंधरा दिवसांनी ती गिरणीवर पुन्हा उभी राहिली ती निळ्या सुती कापडाचा सैल झंपर आणि घोट्यापर्यंतचा स्कर्ट घालून. शिवणाच्या वर्गात ती ‘किमोनो बाही’ शिकली होती. असेच जोड अमरावतीच्या दुकानांत ‘को-ऑर्ड सेट’ या भारदस्त नावाने टांगलेले तिने पाहिले होते. तिने साडेतीन मीटर कापड आणले आणि घरीच बेतले.

त्या कापडाने घरात वादळ उठवले. सासूबाई सुनेला घेऊन माझ्याकडे आल्या.

“फादर, तुमीच सांगा तिले. दोन लेकरायची माय झाली, अन् पोरीवानी घागरा घालून गिरनीवर उभी राह्यते. जपानी फॅशन म्हने!”

सून खाली मान घालून म्हणाली, “साडी काई सोडली नाई म्या, आई. चर्चले साडीच हाय ना.”

मी तो पोशाख नीट पाहिला. झंपराची बाही आणि अंग एकाच कापडातून उतरलेले. कापडाची चौपदरी घडी घालून गळा व काख एवढेच कापलेले. खांद्यावर बाहीचा जोड नाही. काखेत चौकोनी तुकडा बसवलेला, म्हणून हात वर केला तरी कापड ताणत नाही. स्कर्ट म्हणजे दोन सरळ पन्ने जोडून नेफ्यात ओवलेली नाडी. पदर नाही, ओढणी नाही, यंत्रात अडकेल असे काहीही लोंबत नाही. आणि उजव्या बाजूला एक खोल खिसा. दळणाचे पैसे कनवटीला खोचण्याची गरज त्या खिशाने संपवली होती.

आता या पोशाखात जपानचे किती? खऱ्या किमोनोची बाही अंगातून उतरत नाही. ती वेगळी, सरळ आयताकृती असते, आणि तिच्या खालच्या पिशवीसारख्या भागात जपानी स्त्रिया लहानसहान वस्तू ठेवीत आल्या आहेत. जपानी घरगुती शब्दात ‘किमोनो’ म्हणजे केवळ ‘अंगावर घालण्याची वस्तू’. सुमारे छत्तीस सेंटिमीटर पन्ह्याचे आणि बारा मीटर लांबीचे कापड घ्यायचे, सरळ रेघांत कापायचे आणि सरळ टाक्यांनी जोडायचे. कापड वाया जात नाही. जुन्या काळी धुण्यासाठी टाके उसवून तुकडे वेगळे करीत, ताणून वाळवीत आणि पुन्हा शिवीत. मोठ्यांचा किमोनो विटला की त्यातून मुलांचे कपडे निघत, आणि तेही फाटले की पोतेरे. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवीत, त्याच जातीची ही काटकसर. आमच्या सुनेने जपानकडून घेतले ते एवढेच: अंगाला कापड जखडून न टाकणारी बेतणी आणि चिंधी वाया न घालवण्याची सवय.

शिवाय ज्या जपानला सासूबाई परके म्हणत होत्या, त्याच्याशी आमच्या वऱ्हाडची सोयरीक जुनी आहे. १८९३ साली जमशेटजी टाटा आणि निप्पॉन युसेन कैशा ही जपानी जहाज कंपनी यांनी मुंबई ते कोबे अशी बोटींची वाहतूक सुरू केली. त्या मार्गाने हिंदुस्थानचा कापूस ओसाकाच्या गिरण्यांत जाऊ लागला. आखूड धाग्याच्या ज्या जाड्याभरड्या कापसाला लँकेशायर नाक मुरडीत असे, तोच मिसळून जपानी गिरण्यांनी सूत काढले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जपान हा हिंदी कापसाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक झाला होता. पुढे जपानचे स्वस्त कापड येथील बाजारात इतके शिरले, की १९३३ साली सरकारने बिगरब्रिटिश कापडावरील जकात ७५ टक्क्यांवर नेली. उत्तरादाखल जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला. अखेर १९३४ साली करार झाला: जपानने १० लाख गाठी कापूस घ्यावा आणि त्याबदली ३२ कोटी ५० लाख वार कापड येथे विकावे. कापूस काळ्या मातीतून बोटीवर चढला, आणि त्याच्या मोबदल्यात जपानी कापड किनाऱ्याला लागले. आमच्या आज्या-पणज्यांनी त्या कापडाची पोलकी शिवताना त्याचा गाव विचारला नसेल.

आणखी मागे गेले तर गंमत अधिकच वाढते. पोर्तुगीज आणि डच जहाजांतून भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील रेघारेघांचे सुती कापड जपानात पोहोचले. तेथे त्याचे नाव पडले ‘सांतोमे’. मद्रासजवळच्या सांतोमवरून, म्हणजे आपल्या प्रेषित संत थोमावरून आलेले हे नाव! ज्या संताने बोट लावून पाहिल्यावाचून विश्वास ठेवला नाही, त्याचे नाव कापडाला मिळावे हे मला फार समर्पक वाटते. कापडाची पारख बोटांनीच होते, दुरून होत नाही.

या गोष्टी मी सासूबाईंना सांगितल्या नाहीत. जकातीच्या टक्क्यांनी घरातली तक्रार मिटत नसते. मी एवढेच विचारले, “बाई, कापूस वेचायला जाता तेव्हा अंगात काय घालता?”

“ह्यायचं शर्ट,” त्या म्हणाल्या.

विदर्भातल्या वाचकांना हे सांगायला नको. वेचणीच्या दिवसांत वऱ्हाडातील असंख्य बाया साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा चढवतात. वाळलेल्या बोंडांच्या टोकदार पाकळ्या हात ओरबाडतात, ऊन भाजते. साडीवर पुरुषाचा सदरा ही काही परंपरा नव्हे, शास्त्रातही ती नाही. पण तिला कुणी थेर म्हटले नाही, कुणा धर्मगुरूने तिच्याविरुद्ध प्रवचन दिले नाही.

“पण थे कामाचं हाय,” सासूबाई घाईने म्हणाल्या.

“मंग हेबी कामाचंच हाय, आई,” सून म्हणाली.

मी निवाडा दिला नाही. तो देणे माझे कामही नव्हते. ज्या मानेभोवती पदर आवळला जाणार होता ती मान माझी नव्हती. सासूबाई काही न बोलता उठल्या. मात्र जाण्यापूर्वी त्यांनी सुनेच्या स्कर्टचे टोक बोटांत धरून चोळून पाहिले.

योहानाच्या शुभवर्तमानात प्रभूच्या अंगरख्याचा उल्लेख आहे. तो वरपासून खालपर्यंत सलग विणलेला, बिनशिवणीचा होता. क्रुसाखाली बसलेल्या शिपायांनासुद्धा तो फाडवेना. त्यांनी त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. सलग कापड फाडू नये एवढी समज त्या निर्दयांनाही होती. आपण मात्र साडेतीन मीटर कापडापायी घर दुभंगायला तयार होतो, आणि त्याला मर्यादा हे नाव देतो.

मर्यादा मला प्रिय आहे. परंतु ती पदराच्या लांबीत असती, तर पदर ओढणाऱ्या पट्ट्यालाही मर्यादारक्षक म्हणावे लागले असते. मला वाटते, कष्टणाऱ्या देहाचे रक्षण हा वस्त्राचा पहिला धर्म, आणि शोभा व संकेत हे त्यानंतरचे. कोणते कापड आपले रक्षण करते, हे ते अंगावर वागवणारीला जितके कळते तितके पाहणाऱ्याला कळत नाही.

गिरणी चालू आहे. सुनेचा निळा जोड आता विटत चालला आहे, खाऱ्या पाण्याने त्यालाही सोडले नाही. मध्यंतरी तिने दुसरा जोड बेतला, तेव्हा कापडाची घडी दुसऱ्या टोकाने धरून सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. पण आपल्या वेचणीच्या सदऱ्याला तसाच खोल खिसा लावून दे, असे त्यांनी सुनेला सांगितले आहे.