मुद्दाम चुकवलेला नेम

उप्साला

चि. सौमित्र यास,


कोणतं होकायंत्र घेऊ, असं विचारलंयस. पारदर्शक पट्टीचं साधं घे, महागाच्या मागे लागू नकोस. इथे स्वीडनमध्ये ओरिएंटियरिंग शाळेत खेळाच्या तासालाच शिकवतात, आणि इथली पोरं होकायंत्राकडे ओझरतंच बघतात. डोळे नकाशावर आणि अंगठा आपण उभे आहोत त्या जागेवर. मेजर अर्न्स्ट किलांडर यांनी १९१९ साली स्टॉकहोमजवळ मोठी शर्यत भरवली, तेव्हापासून खेळ तोच: नकाशावरच्या खुणा क्रमाने गाठायच्या, मधली वाट ज्याची त्याने ठरवायची.

यातली माझी लाडकी युक्ती म्हणजे नेम मुद्दाम चुकवणं. समज, ओढ्यावरचा साकव गाठायचाय आणि मध्ये पाचशे मीटर रान आहे. दिशेत पाच अंशांचा फरक पडला तरी चाळीसेक मीटर बाजूला निघशील, आणि झाडीतून पळताना तेवढा फरक कुणाचाही पडतो. नेम साकवावरच धरला असलास आणि ओढ्याशी पोचल्यावर साकव दिसला नाही, तर वळायचं कुठे? म्हणून रोख आधीच चांगला डावीकडे ठेवायचा. ओढा लागला की उजवीकडे वळायचं, विचारसुद्धा करायचा नाही. अचूकपणाच्या हट्टापेक्षा हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

पण सह्याद्रीत हे डोळे मिटून करू नकोस. धुक्यात पठारावर नाळेचं तोंड शोधताना 'आधी कड्याची धार गाठू, मग वळू' हे गणित जिवावर बेतेल. आडवी येणारी रेघ बिनधोक हवी, बैलगाडीच्या वाटेसारखी. पावसाळ्यातला ओढाही त्यात धरू नकोस.

आणखी एक. इथल्या स्पर्धांच्या नकाशांवर समोच्चरेषा बहुधा पाच मीटरांच्या अंतराने असतात. आपल्याकडच्या १:५०,००० च्या सर्वेक्षण नकाशावर ते अंतर वीस मीटरांचं. म्हणजे पंधरा मीटरांचा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये गडप होऊ शकतो! कागदावर सोपी दिसणारी सोंड म्हणूनच लांबून नीट न्याहाळल्याशिवाय धरायची नाही. सोंड आणि नाळ मात्र रेषांवरून ओळखता आलीच पाहिजे: रेषांचं टोक उताराकडे आलं तर सोंड, चढाकडे घुसलं तर नाळ.

सुरुवात वेताळ टेकडीवर कर. मोबाइल सोबत असू दे, पण पिशवीत. आणि जाताना ताईला सांगून जा, नाहीतर फोन मला येतो.

तुझी,
मावशी